बारशाआधीचं जहाज

शत्रूच्या पाणबुड्या हुडकून बुडवणाऱ्या जहाजाला दृष्ट लागेल, या धास्तीने वजन घटलेला माणूस जगात एकच असावा, आणि माझ्या नशिबाने तो आमचा मेस्त निघाला. मेस्त म्हणजे गोदीतल्या आम्हा वेल्डरांचे मुख्य. राहणार गोदीपासून दोन बसवरच्या, नदीकाठच्या चोपड्याचे. आठवीत शाळा सोडून लातूरकडून आलेल्या मला त्यांनीच वेल्डिंगचा होल्डर हातात धरायला शिकवलं. ते नसते तर मी आज कुठे असतो, हा विचार मी शक्यतो करत नाही.

नौदलाच्या त्या जहाजाला कागदावर नुसता नंबर होता. नाव समारंभात जाहीर व्हायचं. मेस्त रोज सकाळी पत्र्यावर बोटाने टकटक करून विचारत, "रात्री झोप लागली मां गो?" त्यांच्या या लेकीपासून पन्नास पावलांत शिवी द्यायची नाही. डिचोलीचा क्रेनवाला, अर्धा जन्म खनिजाच्या ट्रकवर काढलेला, शिवीशिवाय वाक्य न जुळणारा, त्यामुळे दिवसभर मुकाच असे. फार झालं की फाटकाबाहेर जाऊन मोकळा होऊन येई. नावाचा नुसता अंदाज कुणी केला, तर त्याची रवानगी सगळ्यात खालच्या टाकीत, गंज घासायला. "पोटातल्या पोराक कोण हाक मारता?" मेस्त विचारत.

रंग चढण्याआधी तपासनीस साहेबांनी नाळेजवळच्या, जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या एका जोडावरून बोट फिरवलं. बोट काळं, तेलकट. असल्या जागी रंग धरत नाही. "हा जोड कुणाचा?" वहीत माझं नाव होतं. मी ठेकेदाराचा माणूस, उद्या येऊ नको म्हणायचीही गरज नाही. आईने तर गावभर सांगितलेलं, पोरगा देशाचं जहाज बांधतोय.

"काजळ माझा, सायबा," मला मागे सारत मेस्त पुढे आले. "झिलाचो काय गुन्हो नाय."

"काजळ? युद्धनौकेला?"

"दृष्ट काय तोफा बघून मागे फिरता, सायबा?"

साहेब हसले नाहीत. जोड पुसून घेतला, माझं काम टिकलं. मेस्तांचा समारंभाचा पास मात्र रद्द झाला. निवृत्तीआधीचं त्यांचं हे शेवटचं जहाज होतं.

समारंभाला मी सगळ्यात मागे, हेल्मेट छातीशी धरून उभा होतो. मंत्र झाले, एका बाईंनी नारळ फोडला, नावावरचा पडदा सरकला. टाळ्या थांबण्याआधीच मी निघालो आणि दोन बस बदलून चोपड्याला पोचलो. मेस्त घरापुढे नदीकाठी जाळं विणत बसलेले.

"सकाळपासून टीव्ही लावूक देना नाय," त्यांच्या बायकोने, आमच्या काकींनी, दारातूनच तक्रार केली. "कोणी नाव सांगीत म्हणून फोनय बंद!"

मी तोंड उघडणार, तोच मेस्तांनी हात वर केला. "असा नाय." डोळे मिटून त्यांनी कान पुढे केला.

"बारशाची आत्याबाई इली बघा!" काकी हसल्या.

मी वाकून कानात नाव सांगितलं. मेस्तांनी ते नदीकडे बघत एकदा म्हटलं, आवाज न करता, नुसत्या ओठांनी. मग काकींना म्हणाले, "ह्येका जेवूक वाढ. भुकेलो असतलो."