सासरे झाले सर

माझ्या सासऱ्यांनी मला अर्थशास्त्रात नापास केलं. मी लवळ्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि सासरे, म्हणजे अण्णा, जवळच्याच उरवड्यात खोल्या भाड्याने देतात, हे आधीच सांगितलेलं बरं.

झालं असं की कॉलेजने ऑनलाइन वर्गाची नवी प्रणाली विकत घेतली. ती शिकवायला कंपनीचा एक माणूस आला. ‘मॅडम, एकदम सोप्पं आहे,’ एवढं एकच वाक्य त्याला नीट येत होतं. शेवटी त्याने ‘काही शंका?’ असं विचारलं. शंका विचारायलाही आधी थोडं समजावं लागतं, म्हणून आम्ही सगळे गप्प. त्यावर प्राचार्य म्हणाले, ‘सगळ्यांना समजलेलं दिसतंय. सोमवारी प्रत्येकाने आपला वर्ग सुरू करून दाखवायचा.’ मी कंत्राटी, आणि कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं.

रविवारी दुपारी मी घरी ते काम घेऊन बसले. विद्यार्थ्यांची नावं कॉलेजने भरलेली होतीच. मी स्वागताची सूचना टाकली (एकानेही उत्तर दिलं नाही), एक स्वाध्याय दिला. आता हे विद्यार्थ्याला कसं दिसतं ते पाहायला एक खोटा विद्यार्थी हवा होता. अण्णा मोकळे होते; ते कायमच मोकळे असतात. त्यांचं नाव घातलं आणि वर्ग त्यांच्या फोनवर उघडून दिला. नावांपुढे ‘शिक्षक’ की ‘विद्यार्थी’ ते निवडायचं होतं. मी निवडलं, ‘जतन करा’ दाबलं, आणि माझी सगळी बटणं गायब झाली. मी विद्यार्थी झाले होते. शिक्षक अण्णा.

‘अण्णा, तुमचा फोन द्या जरा.’

‘थांब की. मी बघतुया.’

‘काय बघताय?’

‘हितं लिवलंय, वर्गाला काय सांगायचंय. मंग सांगतू की.’

फोन तोंडाशी धरून त्यांनी सूचना सोडली: ‘उरवड्यात वरची खोली रिकामी हाय. पाणी चोवीस तास. दारू पिनाऱ्यांनी येऊ नये.’

माझ्या स्वागताकडे ढुंकूनही न पाहिलेला वर्ग खडबडून जागा झाला. ‘सर, वायफाय आहे का?’ ‘सर, तिघं राहिलो तर चालेल?’ अण्णा एकेकाला उत्तर देत बसले.

‘अण्णा, माझी नोकरी जाईल.’

‘पोरं इचारत्यात, उत्तर नगं द्यायला? तुला कोण इचारतंय?’

मी फोन घ्यायला हात पुढे केला. तोवर त्यांना विद्यार्थ्यांची यादी सापडली.

‘सूनबाई, तुझा स्वाध्याय आला न्हाई.’

‘अण्णा, तो मीच दिलाय.’

‘दिला कुणी का असंना. भरला न्हाईस ना?’ आणि त्यांनी मला शून्य मार्क दिले.

‘अहो, शून्य का?’

‘दुसरा आकडा कुटनं काढायचा ते घावंना.’

संध्याकाळी फोन माझ्या हाती आला, पण मला पुन्हा शिक्षक करायचं बटण आम्हा दोघांनाही सापडलं नाही.

सोमवारी प्राचार्यांनी मोठ्या पडद्यावर एकेकाचा वर्ग उघडला. बाकीच्यांच्या वर्गात चिटपाखरू नव्हतं. माझा उघडला आणि पडदा भरून वाहू लागला. प्राचार्यांनी एकही ओळ वाचली नाही, फक्त संदेशांचा आकडा पाहिला. (ती प्रणाली त्यांच्यासाठीच बनली असावी.)

‘वा, सगळा वर्ग बोलतोय. हे सर कोण?’

‘सर, ते... उरवड्याचे आहेत. ज्येष्ठ आहेत.’

‘शनिवारी बोलवा त्यांना. सगळ्यांना शिकवतील.’

शनिवारी अण्णा कडक इस्त्रीची टोपी घालून आले आणि झाडून सगळ्या प्राध्यापकांसमोर तासभर बोलले. त्यातला निम्मा वेळ खोल्यांवर. इतिहासाच्या सरांनी तिथल्या तिथे एक खोली पाहायचं ठरवलं. प्राध्यापकांपैकी अण्णांची एकमेव अधिकृत विद्यार्थिनी म्हणून मला पहिल्या बाकावर बसवलं होतं.

कंत्राट वाढलं. सही करताना प्राचार्य कौतुकाने म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या शिकवण्याबद्दल मला फारसं माहीत नाही. पण विद्यार्थिनी म्हणून तुम्ही फार गुणी आहात.’