वैमानिकाचं घड्याळ आणि त्यावरचं प्लास्टिक

विमानाला गचके बसायला लागले की मी आधी एअर होस्टेसकडे बघतो. ती हसत असेल तर ठीक. ती गुपचूप खुर्चीत बसून पट्टा लावत असेल, तर विम्याचे कागद कुठे आहेत हे बायकोला सांगितलंय की नाही, ते मी आठवायला लागतो. अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर वैमानिकांसाठी बनवलेलं स्विस घड्याळ विकत घ्यावं, यात मला स्वतःला काहीच विसंगत वाटलं नव्हतं.

त्या घड्याळाच्या कंपनीची कथा मी इथे अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात, जेवणं झाल्यावर, पाहुण्यांना उठता येणार नाही अशा बेताने सांगितलेली आहे. एके काळी वैमानिक म्हणे काचेभोवतीची आकड्यांची चकती फिरवून इंधनाचा हिशेब करायचे. मग बॅटरीची घड्याळं आली. ती स्वस्त होती आणि वेळही जास्त अचूक दाखवायची. स्विस मंडळींना हा शुद्ध उद्धटपणा वाटला, आणि तो वाटत असतानाच कारखाना बंद पडला. यंत्रं भंगारात गेली. नाव तेवढं उरलं, ते या हातातून त्या हातात विकलं गेलं आणि काही काळ प्रवासात न्यायच्या गजराच्या घड्याळांवर आणि छत्र्यांवर दिसायला लागलं. पुढे काही श्रीमंत शौकिनांनी ते विकत घेतलं आणि तेच जुनं घड्याळ पुन्हा बनवायला घेतलं. आकड्यांना मुद्दाम पिवळट रंग, म्हणजे घड्याळ खोक्यातून निघतानाच रिटायर झाल्यासारखं दिसतं. किंमत सांगत नाही. बायको हे वाचणार आहे.

मलाही माझ्या कंपनीने एकदा काढून टाकलं होतं आणि काही महिन्यांनी काँट्रॅक्टवर परत घेतलं होतं. तोच लॅपटॉप, तीच खुर्ची, तोच पिवळट चेहरा. त्याला कोणी पुनरुज्जीवन म्हटलं नाही आणि माझी किंमतही वाढली नाही.

घड्याळ आलं ते काचेवर पातळ प्लास्टिक लावून. आमच्या घरी प्लास्टिक काढत नाहीत. रिमोट प्लास्टिकमध्ये आहे, आणि मायक्रोवेव्हच्या बटणांवरचं प्लास्टिक इतकं जुनं झालंय की आता खरं हेरिटेज तेच. तेव्हा घड्याळ प्लास्टिकसकट पासपोर्टांच्या कप्प्यात गेलं. रविवारी मी ते काढायचो, किल्ली द्यायचो, कानाला लावायचो आणि परत ठेवायचो.

आमची लेक इथेच जन्मलेली, फिजिकल थेरपिस्ट आहे. शनिवार-रविवारी ती विमान चालवायला शिकत होती, आणि हे थोड्या दिवसांचं वेड आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती. एका संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आली असताना तिने वरणभात कालवता कालवता सांगितलं, "बाबा, लायसन्स मिळालं. आता मी पॅसेंजर नेऊ शकते. यू आर फर्स्ट."

"आईला ने ना आधी," मी उदारपणे म्हणालो.

"मला कशाला?" बायको म्हणाली. "वैमानिकाचं घड्याळ कोणाकडे आहे या घरात?"

मग मी कारणं सुरू केली. ऑफिसच्या कामासाठी ऑन-कॉल होतो. कंबर धरली. एका रविवारी तर ढग फार पांढरे आहेत असं म्हणून पाहिलं. शेवटी मला तोडगा सुचला. घड्याळाचं खोकं मी तिच्यापुढे ठेवलं, कंपनीची सगळी कथा छत्र्यांसकट पुन्हा सांगितली आणि म्हणालो, "हे तुला. लायसन्स मिळालं म्हणून."

ती बघत राहिली. "इट्स ब्युटिफुल, बाबा." मग म्हणाली, "हे तू येण्याऐवजी आहे का?"

मी पाणी प्यायलो.

तिने खोकं माझ्याकडे सरकवलं. "इन्स्ट्रक्टरने विचारलं, पहिलं कोणाला नेणार. मी म्हटलं, माय डॅड. ही लव्ह्ज एअरप्लेन्स. लहानपणापासून तूच तर गोष्टी सांगत होतास."

त्यानंतर तिने विषयच काढला नाही. फोनवर छान बोलायची, माझ्या कंबरेची चौकशी करायची. ती रविवारी मैत्रिणीला घेऊन उडणार आहे, हे मला बायकोकडून कळलं. तिने विचारणं थांबवावं म्हणून मी काय काय केलं होतं; आणि आता ती खरंच विचारत नव्हती, तर मला घरात धड बसवेना.

शनिवारी फोन केला. "मैत्रिणीला सांग, तुझा नंबर दुसरा."

"बाबा, तुझं वजन किती आहे?"

मी सांगितलं.

"खरं सांग. हे डॉक्टरसाठी नाही, विमानासाठी आहे."

मग खरं सांगितलं.

विमान आमच्या मिनीव्हॅनपेक्षा लहान होतं आणि त्याचं दार पत्र्याच्या कपाटासारखं वाजलं. मी घड्याळ घालून गेलो होतो. तिने ते पाहिलं, वरचं प्लास्टिकही पाहिलं, आणि सज्जनपणे माझ्या हातात हेडफोन दिले. हेडफोन चढवल्यावर म्हणाली, "तुला एक काम. मी वळले की वेळ सांगायची. मोठ्याने."

जमीन सुटली तेव्हा माझे दोन्ही हात खुर्चीच्या कडा धरून होते. ती वळली. "टाइम?"

मान वाकडी करून मनगटाकडे पाहिलं. ऊन थेट प्लास्टिकवर पडलं होतं; काटे गायब. "दिसत नाहीये."

"देन टेक इट ऑफ, बाबा."

सांगणं सोपं होतं. घड्याळ डाव्या मनगटावर, सोलायचं उजव्या हाताने, म्हणजे खुर्ची दोन्ही हातांनी सोडायची. ती वाट बघत होती, नजर समोर. मी आधी एक हात सोडला. मग दुसरा. विमान पडलं नाही. नखाने कड उचलली, फिल्म सुर्रकन निघाली.

"दहा वाजून वीस," मी ओरडलो.

"थँक यू."

त्यानंतर प्रत्येक वळणाला मी वेळ सांगितली. तिच्यासमोर, आकडे माझ्या अंगठ्याएवढे, एक चांगलं घड्याळ आहे, हे मला तिसऱ्या वळणाला दिसलं. तरी सांगत राहिलो. तीही प्रत्येक वेळी थँक यू म्हणत राहिली.

उतरताना पट्ट्याच्या बकलवर काच घासली आणि तिच्यावर एक रेघ उठली. घरी बायकोने ती बोटाने चाचपली. "वापरलंस म्हणायचं."

"नेक्स्ट संडे आई," लेक म्हणाली.

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. ढग तिलाही जरा जास्तच पांढरे वाटायला लागले होते. मी घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवलं.