दाराच्या काचेतून

प्रयोगशाळेच्या दाराच्या काचेतून मला आधी मृण्मयीचा हात दिसला, मग कपाळावर सरकवलेला गॉगल. माझी ही विद्यार्थिनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पहिल्यांदाच एकटी काम करत होती. बाटलीतलं तीव्र नायट्रिक आम्ल ती बीकरमध्ये ओतत होती आणि तिच्या डोळ्यांवर काहीच नव्हतं.

ओरडावं तर ती दचकणार, हात हलणार. मी श्वास रोखून तशीच उभी राहिले. "तुमचं तुम्ही करा," असं मुलांना सांगणं किती सोपं असतं! ते सांगून झाल्यावर आपण कुठे उभं राहायचं, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

तिनं बाटली खाली ठेवली तेव्हाच मी आत गेले.

"मृण्मयी, गॉगल!"

"सॉरी मॅडम! घामानं काच धुरकटली होती, काही दिसेना." तिनं तो पटकन डोळ्यांवर ओढला. मग हसून म्हणाली, "पण आता जमतंय मला. उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"बरं," मी म्हणाले आणि जवळचं स्टूल ओढून बसले.