रस्त्यापलीकडच्या दोन खोल्या

अक्काला मी सांगितलं होतं की रस्त्यापलीकडे तिच्या नावे खरेदीखत होणार नाही. ते खोटं होतं. त्या एका वाक्यामुळे तिचं म्हातारपण माझ्या दारात आलं, आणि पुष्कळ वर्षं मी त्याबद्दल गप्प राहिलो.

अक्का माझी थोरली बहीण. लहान वयात विधवा झाली आणि धारला राहून मंगलकार्यांत सोवळ्याचा स्वयंपाक करून पोट भरू लागली. मी देवासला. इथे राज्यं दोन आणि गाव एकच. बाजारातल्या रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. दरबार वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. मी थोरल्या पातीत कारकून.

एका भाऊबीजेला ती आली असताना माझ्या बायकोबरोबर पलीकडच्या लखेऱ्याकडे गेली. मी सोबत होतो. बायको लाखेच्या बांगड्या बघत होती आणि अक्का मान वर करून आढं निरखत होती.

"अक्का, लोक इथे बांगड्या बघायला येतात, कौलं नाही," बायको म्हणाली.

"बांगड्या फुटतात गं," अक्का म्हणाली आणि लखेऱ्याला विचारलं, "गळतं का रे?"

"नी माजी. मालिक ये दोनों कोठड़ी बेच रिया है. आप ले लो, भाड़ो हर मईने घर बैठे मिलेगो."

घरी आल्यावर तिने मला बाजूला घेतलं. साठवलेले कलदार रुपये तेवढ्याला पुरत होते. "मोठं काही नको मला. दरमहा थोडं हातात आलं की झालं. हातपाय थकल्यावर कुणाच्या दारात भाकरीला बसायचं नाही. तुझ्याही नाही."

खरेदीखतासाठी धाकट्या पातीच्या कचेरीत जावं लागणार होतं. थोरल्या पातीत लागण्याआधी मी तिथे नोकरी मागितली होती आणि त्यांनी मला परत पाठवलं होतं. त्याच माणसांपुढे बहिणीचा कागद घेऊन उभं राहणं मला नको होतं. मी म्हणालो, "थोरल्या पातीच्या नोकराच्या घरातल्या माणसाचा दस्त तिकडे होत नाही. कायदाच आहे."

"कायदा म्हटल्यावर काय बोलणार," ती म्हणाली.

त्याच पैशांत मी तिला धारच्या बाहेर महूच्या रस्त्यावर जमीन घेऊन दिली. रेल्वे येणार आणि स्टेशन तिथेच होणार असं जो तो सांगत होता. मलाही ते पटलं होतं, आणि पटायला सोयीचंही होतं.

"गाडी येईल तेव्हा येईल. तोवर मी खाऊ काय?"

"दोन-चार वर्षं कळ काढ, अक्का. दामदुप्पट होईल."

रेल्वे अजून आलेली नाही. जमिनीवर नुसतं गवत उगवतं. ते विकून आलेले पैसे महिनाभरही पुरत नाहीत. अक्काचे गुडघे गेले, स्वयंपाकाची कामं सुटली आणि ती आमच्याकडे राहायला आली. तिने कधी बोल लावला नाही. दातांना लावायची मिश्री संपली तरी मागत नाही. रिकामी डबी कोनाड्यात उपडी घालून ठेवते. कुणाच्या लक्षात आलं तर भरली जाते.

गेल्या श्रावणात शेजारची शिंपीण आली. नवऱ्यामागे कपडे शिवून तिने थोडं साठवलं आहे. पलीकडे एक खोली विकाऊ होती, भाडेकरूसकट.

"घेऊ का, अक्का? भाव तर ठीक वाटतो."

"नको गं बाई," अक्का म्हणाली. "तुझा दीर थोरल्या पातीत शिपाई ना? मग तुझा दस्त तिकडे होणार नाही. मीसुद्धा एकदा तिकडच्या खोल्यांवर जीव लावून बसले होते."

"असं कसं? मला कुणी बोललं नाही."

"हा बसलाय ना समोर, दरबारातला माणूस. याला विचार."

"खरं का, भाऊसाहेब?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. शिंपीण पैसे घेऊन परत गेली असती, आणि अक्काच्या मनात मी कायदा जाणणारा भाऊ राहिलो असतो.

"होतो दस्त," मी म्हणालो. "कुणाच्याही नावे होतो. तुम्ही खुशाल खोली घ्या, मी कचेरीत बरोबर येतो."

अक्का माझ्याकडे वळली. "कायदा बदलला का रे?"

"नाही, अक्का. तसा कायदा कधीच नव्हता. त्या कचेरीनं मला नोकरीला नको म्हटलं होतं. तिथे परत जायची मला लाज वाटली, म्हणून तुला खोटं सांगितलं. तू बरोबर होतीस. तुझ्या हक्काच्या भाड्याला मी तुला मुकवलं आणि माझ्या दारात आणून बसवलं. मला क्षमा कर."