कॅलरीबाई आणि संत्र्याचा पाक

लग्नाच्या पंगतीत पर्समधून वजनकाटा काढणाऱ्या बाई मी आयुष्यात एकच पाहिल्या. पानातला लाडू काट्यावर ठेवायच्या, वहीत ग्रॅम टिपायच्या आणि मग तोच लाडू चवीनं खायच्या. कारंजा गावाजवळ संत्र्याच्या फोडी डबाबंद करणाऱ्या कारखान्यात आम्ही दोघी होतो. डब्यावर छापायच्या कॅलरी त्या काढत, मी लेबल टाइप करी. सगळे त्यांना कॅलरीबाई म्हणत.

इंझोरीच्या मजुराच्या घरातल्या पहिल्या पदवीधर. सकाळचा 'जय भीम' खणखणीत आणि जीभ त्याहून. परगावच्या डब्यांची लेबलं वाचणं ही त्यांची करमणूक. एकदा वीतभर डब्यावर 'आठ सर्विंग' वाचून म्हणाल्या, "आठ जनं खातेत म्हने! एक खाते अन् सात जनं पाहून राह्यतेत काय?" मला बाई फार आवडत, कारण कारखान्यात खरं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, माझ्यासकट.

पुढे आमच्या शेठनाही तेच सुचलं. डब्यावर मोठा आकडा दिसला की गिऱ्हाईक बिचकतं म्हणे. फर्मान निघालं: एका डब्याचे आठ भाग धरा, आणि पाक निथळून नुसत्या फोडींच्या कॅलरी लिहा. पाक जणू कुणी मोरीतच ओततं! अशी अक्कल पैसेवाल्यांनाच सुचते.

बाईंनी दोन डबे उचलले आणि किन्हीराजा गावच्या शिवारात निंदणाऱ्या बायकांच्या जेवणात जाऊन बसल्या. चौघींनी दोन्ही डबे संपवले. पाक तर प्यायल्याच, वर डब्यात पाणी घालून तेही प्यायल्या. दुसऱ्या दिवशी बाई शेठपुढे उभ्या राहिल्या. "डबा इसळून पेल्या त्या, शेठ. पाक फेकनारा एक मानूस दाखवा, मी त्याच्या नावानं लेबल लिवतो. शुगरवाला मानूस हे वाचून खाते, समजते काय तुमाले?"

शेठ हसले. "मॅडम, सगळेच असं लिवतेत. सही करा, नाही तर मी दुसरी पाहतो."

बाईंनी वजनकाटा पर्समध्ये टाकला आणि दुपारच्या एसटीनं गेल्या. दुसरी म्हणजे मी. सही केली, त्यांची खुर्चीही घेतली. लाज वाटली, पण पगार वाढला तशी ती कमी होत गेली. असली मी.

पुढे बाजारात भेटल्या तेव्हा बाईंनी बोल लावला नाही. एवढंच म्हणाल्या, "सई केली तं केली, पोरी. घरी कोनाले शुगर असंल तं त्याले तेवढं सांगजो."

माझ्या आईला शुगर आहे. मी तिला काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? मागच्या आठवड्यात कारखान्यातून दिवाळीभेट म्हणून मिळालेला डबा आईनं पिशवीतून काढला, चष्मा लावून लेबल वाचलं आणि खूश होऊन वाटी घेऊन बसली. मी धावत जाऊन डबा तिच्या हातातून हिसकावला.

"काहून वं?" आई म्हणाली. "कमीच तं हाय. तूच लिवलं ना हे?"