ऋतिकचा जिवंत रोल

बोरी अरबच्या घनश्यामकडे मंडप-डेकोरेशनचा धंदा, लग्नाचे व्हिडिओ काढायचा एक बरा कॅमेरा आणि दिग्दर्शक म्हणवून घ्यायची हौस, एवढं भांडवल होतं. माझ्याकडे एसटीतल्या एकतीस वर्षांच्या कंडक्टरकीत कानावर पडलेली भांडणं होती. मी रिटायर झालो आणि आम्ही दोघांनी मिळून यूट्यूबवर वऱ्हाडी पिक्चरचा चॅनल काढला. पिक्चर म्हणजे दहा-बारा मिनिटांचा. कथा-संवाद मारोतराव, म्हणजे अस्मादिक. गावात काही लोक मला अजूनही 'कंडक्टर' म्हणतात, लेखक कोणी म्हणत नाही, त्याचा राग मी कधीच सोडून दिला आहे.

ऋतिक आमच्याकडे हिरो व्हायला आला होता. तानाबाईचा एकुलता एक. बाप तो तीन वर्षांचा असताना वारला, चार एकर कपाशी मायनंच सांभाळली. पोरगा दिसायला देखणा, उंच; पण तोंडात एक वाक्य दिलं की बोबडी वळायची. दारव्ह्याला बी.ए. करता करता सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे नटांच्या तोंडावर उजेड पाडायला उन्हात थर्माकोलची शीट धरून उभा राहायचा आणि दुसऱ्यांचे संवाद ओठातल्या ओठात म्हणायचा.

त्याचं पहिलं काम अपघातानंच झालं. भावाभावांच्या भांडणाचा पिक्चर होता आणि मेलेल्या भावाचं काम करणारा माणूस दर शॉटला हसत होता. घनश्याम वैतागून म्हणाला, "ऋतिक, तू झोप रे बाप्पा." ऋतिक झोपला. पाच मिनिटांचा शॉट झाला. एक माशी त्याच्या ओठावर बसली, नाकपुडीपाशी गेली, पापणीवरून चालली. पोरगा हलला नाही. छाती हलताना मला तरी दिसली नाही. 'कट' झाल्यावर घनश्यामनं घाबरून त्याच्या नाकाशी बोट धरलं, तेव्हा तो उठून बसला.

"कसं करतं बे तू हे?" मी विचारलं.

"कायीच नाही करत, काका. आतल्या आत जरासा मांगं सरकतो. तुमी कट म्हनलं का येतो परत."

मी हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

पिक्चर चालला. खाली लोकांनी लिहिलं, मुर्दा एक नंबर. मग काय, घनश्यामनं मला सांगून टाकलं की प्रत्येक कथेत एक माणूस मारायचा. मीही बिनडोकासारखा मारत गेलो. ऋतिक विहिरीतून निघाला, साप चावून मेला, एकदा तिरडीवरून गेला. तिरडीच्या वेळी रस्त्यानं चाललेली दारव्हा गाडी थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न बंद केला आणि खिडक्यांतून माणसांनी हात जोडले. कोणी कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. त्या दिवशी 'कट' म्हटल्यावर ऋतिक उठला नाही. तीनदा हाका मारल्या, गालावर पाणी मारलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

"दूर गेलतो," एवढंच म्हणाला.

त्याची माय यातला एकही पिक्चर पाहत नव्हती. शेजारच्या बाया फोन पुढे करायच्या आणि ती मान फिरवायची. "जित्ता असन तवा दाखवजो," असं तिनं त्याला सांगून ठेवलं होतं. त्यालाही दुसरं काही नको होतं. माझ्या मागे भुणभुण लावायचा, "काका, एक जित्ता रोल लिहा ना. मायले दाखवाचा हाय." मी पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करत राहिलो.

मग अडाण नदीवरचं शूटिंग आलं. कथेतला मेलेला माणूस बादल. त्याच्या दहाव्याचा शॉट. ऋतिकचाच हार घातलेला फोटो मांडला, भाताचा पिंड ठेवला आणि आम्ही कॅमेरा लावून बसलो. झाडावर सात-आठ कावळे बसले होते, एकही खाली येईना. आमच्याकडे कावळा शिवला नाही की मेलेल्याची इच्छा राहिली असं धरतात आणि घरचे लोक पिंडासमोर हात जोडून शब्द देतात. आमचे नट कथेप्रमाणे शब्द देत बसले. बादल, तुझ्या बायकोले सांभाळू. बादल, तुझं वावर नाही बळकावणार. दोन तास झाले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे तर दहाव्यालाच होती. ऊन डोक्यावर आलं. मी कंटाळलो. उचलली जीभ लावली टाळ्याला. पिंडासमोर जाऊन हात जोडले आणि म्हणालो,

"ऋतिक, पुढच्या पिक्चरमधे तुले जित्ता करतो. बोलाले देतो. मायले दाखवजो. घे बाप्पा आता घास."

शब्द संपायच्या आत कावळा उतरला. सरळ पिंडावर. दोन घास घेतले आणि उडून गेला.

सगळे खो खो हसले. मीही हसलो. मग घनश्याम हसायचा थांबला. "मारोतभाऊ," तो हळूच म्हणाला, "नाव चुकलं तुमचं. बादल म्हनाचं होतं."

थर्माकोल धरून उभा असलेला ऋतिक हसत नव्हता. जेवायची वेळ झाली, सगळ्यांनी डबे काढले, तो बाजूलाच बसला. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"नाही काका, मले नको," तो म्हणाला. "पोट भरल्यावानी वाटून राह्यलं."

गावात गोष्ट पोचायला कितीसा वेळ लागतो! दुसऱ्या दिवशी सकाळी तानाबाई माझ्या दारात. आत या म्हटलं तर आली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मारोतभाऊ, माह्या लेकाचं नाव पिंडाले तुमी घेतलं?"

"वहिनी, चुकून निघालं तोंडातून. नाटक होतं ते."

"कावया नाटकातला होता?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तिनं घेतला नाही.

"कालपासून जेवून नाही राह्यला तो. हाक मारली तं ओ उशिरानं देते. तुमी शब्द देला ना? मंग जित्ता करून दाखवा. मी पायतो."

आयुष्यात इतकं मन लावून मी काहीच लिहिलं नव्हतं. साधी कथा. यवतमाळला शिकायला गेलेला मुलगा घरी येतो, दारात उभा राहतो आणि म्हणतो, "माय, मी आलो. भाकर वाढ." मग दोघं जेवतात, पिकापाण्याचं बोलतात, हसतात. कोणी मरत नाही. आईचं काम करायला प्रेरणा होती, आमच्या चॅनलची सगळ्यात अनुभवी नटी.

आणि ऋतिक बोलला! एकदाही न अडखळता. बोबडी नाही, घाम नाही. वाक्य जिथे पडायला हवं तिथे पडलं. मी आनंदानं टाळी वाजवणार होतो, पण आजूबाजूला कोणीच हललं नाही. घनश्याम स्क्रीनकडे पाहत नुसता मान खाजवत होता. परत घेऊ, म्हणाला. परत घेतलं. अकरा वेळा घेतलं, अकराही वेळा सारखंच. शेवटी प्रेरणा उठून माझ्याकडे आली.

"काका, मले जमून नाही राह्यलं. तो माह्याकडे पाह्यतच नाही. माह्या मांगं पाह्यते."

"मांगं कोन हाय?"

"भिंत हाय," ती म्हणाली आणि पदर घट्ट करून घरी निघून गेली.

तरी आम्ही तो पिक्चर टाकला. आठ दिवसांत दोन लाख लोकांनी पाहिला, चॅनलच्या जन्मात एवढे कधी झाले नव्हते. खाली काय लिहिलं होतं? 'मेलेला पोरगा भाकर मागायला येते, अंगावर काटा.' 'भाऊ भूत वाटतच नाही म्हणून जास्त भेव वाटते.' कथेत भूत नाही, असं मी खाली चारदा लिहिलं. कोणी ऐकलं नाही. मुंबईहून एका माणसाचा फोन आला, भुताच्या वेब सिरीजसाठी हाच मुलगा हवा म्हणाला. घनश्यामला आभाळ ठेंगणं झालं. ऋतिक म्हणाला, "पयले मायले दाखवतो. मंग सांगतो."

त्याच दुपारी आम्ही तिघं त्यांच्या ओसरीवर बसलो. तानाबाई कापूस वेचून आली होती, पाय धुऊन बसली. ऋतिकनं तिच्या हातात फोन दिला आणि तिला खेटून बसला, तिचा चेहरा दिसावा म्हणून जरा वाकून. इतका उतावीळ मी त्याला कधी पाहिला नव्हता. लहान मुलासारखा ओठ चावत होता.

तिनं अख्खा पिक्चर पाहिला. "माय, मी आलो," ऐकलं, भाकर वाढलेली पाहिली. संपल्यावर फोनमध्ये थांबलेल्या त्याच्या चेहऱ्यावरून तिनं बोट फिरवलं, आणि मग तिला रडू फुटलं. आमच्याकडच्या बाया मयताला रडतात तसं, हेल काढून.

"आलता रे माह्या बापू, भाकर मांगाले आलता. जेवला ना? आता अडकू नको. माह्यी काळजी करू नको. जाय बापू, सुखानं जाय."

"माय, मी हाव ना," ऋतिक म्हणाला. तिचा खांदा धरला. "माय, इकडं पाय. मी इथंच हाव."

ती फोनलाच सांगत राहिली. तो पुन्हा म्हणाला, आणखी मोठ्यानं म्हणाला, आवाज फाटला त्याचा. तिला हलवू लागला. मी तिला समजवावं, वहिनी, हा बघा तुमच्या बाजूला बसला आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि मला कळलं, की इतका वेळ मीही त्याच्याकडे पाहत नव्हतो. मीही त्या फोनकडेच पाहत होतो.