रिकाम्या गाभाऱ्यापुढे

बंगालमधलं विष्णुपूर ही मल्ल राजांची जुनी राजधानी. तिथल्या एका देवळाच्या भिंतींवर भाजक्या मातीच्या नावा, हत्ती, नाचणाऱ्या गोपी यांची नुसती दाटी होती. त्या गर्दीसमोर मी एकटीच. चपला काढू लागले, तसा पहारेकरी म्हणाला, "राहू द्या दीदी. आत देव नाही. मूर्ती कधीच हलवली."

"असू दे," मी म्हटलं.

तापलेल्या पायऱ्या अनवाणी चढले. गाभाऱ्यात खरंच नुसता अंधार होता. तरी हात जोडले गेले.

हे गेल्यापासून घरीही माझं असंच चाललंय. लॅचची किल्ली पर्समध्ये असते, पण मी आधी बेल वाजवते आणि दाराशी थोडी थांबते.